डेक पॅनेलला पोट येतं: आधी काय मोजायचं आणि आधी काय कळू शकतं?

बल्बपट्टी

नमस्कार मंडळी. गस्ती जहाजाच्या सुपरस्ट्रक्चरची डेक पॅनेल. प्लेट ६ मि.मी., तिला ताठ ठेवणारे स्टिफनर एचपी १००×६ (एका कडेला गाठ असलेली बल्बपट्टी), त्यांच्यातलं अंतर ७००, त्यांना आडव्या जाणाऱ्या वेब फ्रेम दर २१०० वर. फिलेट, म्हणजे स्टिफनर आणि प्लेटच्या कोपऱ्यातला वेल्ड, १.२ च्या फ्लक्स कोअर वायरने, सीओटू वायूत. पॅनेल मॅग्नेट बेडवर (प्लेट चुंबकाने दाबून धरणाऱ्या ओट्यावर) असेपर्यंत सरळ दिसतं. सोडलं की पोटं (फुगवटे) येतात, काही खणांत, म्हणजे दोन स्टिफनरमधल्या भागांत, ९-१० मि.मी. पुढे ती काढायला गॅस, पाणी, हातोडा, आणि ब्लॉक (जहाजाचा मोठा तुकडा) जोडायला घेतला की लांबी कमी भरते.

आता वरून विचारणा आहे की सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर घेतलं तर हे सगळं आधी कळेल का. मला त्याआधी दुसरं विचारायचंय. नेमकं काय मोजावं, कोणत्या टप्प्यावर, आणि कागद-पेन्सिलीने कुठपर्यंत अंदाज बांधता येतो?

गुण्या

ड्रॉइंगवर फिलेट किती आहे आणि प्रत्यक्षात किती पडतोय? दोन्ही आकडे द्या, मग बोलू.

हवालदिल_फिटर

गॅसवाल्यांचा ओव्हरटाइम बंद पाडायचा धागा दिसतोय. निषेध!

बल्बपट्टी

@गुण्या, ड्रॉइंगवर झेड ४ आहे, म्हणजे पायाची लांबी ४. गेज लावला तर बहुतेक ठिकाणी साडेपाच ते सहा. व्होल्टेज २६, करंट २२० च्या आसपास, वेग मिनिटाला साधारण ४०० मि.मी.

वास्कोचा_वारा

आधी रोग ओळखा. "पोट आलं" या एका शब्दाखाली दोन वेगळे आजार येतात आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

पहिला कोनीय वाक. फिलेट आकसताना प्लेट दोन्ही बाजूंनी स्टिफनरकडे उचलली जाते. प्रत्येक खण स्टिफनरच्याच बाजूला फुगतो आणि बाहेरून पाहिलं की स्टिफनरच्या रेषा बरगड्यांसारख्या उठून दिसतात. सगळे खण साधारण सारखेच. याचा हिशोब सोपा आहे: खणाच्या मध्यावरचा वाक म्हणजे कोन गुणिले अंतर भागिले चार. कोन ०.०१५ रेडियन आणि अंतर ७०० धरलं तर २.६ मि.मी. म्हणजे नुसत्या कोनीय वाकाने ९-१० यायला कोन ०.०५ च्या वर हवा, आणि तेवढा असेल तर स्टिफनरच्या मुळाशी डोळ्यांनाच दिसेल.

दुसरा बकलिंग. वेल्डच्या लांबीच्या दिशेने वेल्ड आणि त्याच्या आजूबाजूची अरुंद पट्टी ताणाखाली राहते, तर उरलेली सगळी प्लेट दाबाखाली. दाब पेलवला नाही की प्लेट लाटा मारते. एक खण वर, पुढचा खाली, अर्ध्या लाटेची लांबी साधारण स्टिफनरच्या अंतराएवढी. अंगठ्याने किंवा पायाने दाबलं की तेलाच्या डब्याच्या तळासारखी टक्‌ करून दुसऱ्या बाजूला जाते. आणि ही बहुधा बेड सोडल्यावरच दिसते.

तुमचं वर्णन दुसऱ्याचं वाटतंय. नक्की करायचं तर प्रत्येक खणाचा आकडा चिन्हासकट लिहा: स्टिफनरच्या बाजूला अधिक, उलट बाजूला उणे. सगळे अधिक आले तर कोनीय. अधिक-उणे, अधिक-उणे आले तर बकलिंग.

कोलंबस_कुलाब्याचा

+१. तपासणीच्या कागदावर नुसतं "८ मि.मी." लिहिलेलं असतं, दिशा कधीच नसते. त्या कागदाचा रद्दीपलीकडे उपयोग नाही.

ताणरेषा

वास्कोचा_वारा यांनी रोग सांगितला, मी आकडेमोड करते. कागद-पेन्सिल पुरते.

उष्णता: २६ × २२० × ६० भागिले ४००, म्हणजे मिलिमीटरला ८५८ ज्यूल. दोन बाजूंचे दोन फिलेट आणि कार्यक्षमता ०.८ धरली तर प्लेटमध्ये सुमारे १३७० ज्यूल प्रति मि.मी. जातात. पोलादासाठी केंब्रिजच्या जुन्या कामातून आलेला ठोकताळा असा, की वेल्डच्या पट्टीतलं ओढबळ किलोन्यूटनमध्ये म्हणजे या आकड्याच्या ०.२ पट. आलं सुमारे २७५ किलोन्यूटन.

हे बळ पेलणारं क्षेत्र: ७०० × ६ = ४२०० चौ. मि.मी. प्लेट, अधिक बल्बचे सुमारे ७७०. ढोबळ ५०००. सरासरी दाब ५५ मेगापास्कल.

आता प्लेटची ताकद. कडा नुसत्या टेकलेल्या धरल्या तर बकलिंगचा ताण म्हणजे ७.४५ लाख गुणिले (जाडी भागिले अंतर) यांचा वर्ग. ६ आणि ७०० ला तो ५४.७ मेगापास्कल येतो.

५५ विरुद्ध ५४.७. तुमचं पॅनेल बरोब्बर काठावर बसलंय. म्हणूनच काही खण ठीक आणि काही ९-१०.

आता वेग ६०० करा, बाकी सगळं तेच. उष्णता ५७२ ज्यूल, पाया साडेचारच्या आसपास, ओढबळ १८३, दाब ३७. बराच श्वास मिळतो. एक रुपयाचं सॉफ्टवेअर न घेता.

आणि हाच हिशोब ५ मि.मी. प्लेटला लावून बघा. बकलिंगचा ताण ३८ वर उतरतो आणि योग्य फिलेट टाकूनही दाब ४३ च्या आसपास. तिथे वेल्डरला ओरडून उपयोग नाही, अंतर ६०० करा म्हणून डिझाइनवाल्यांकडेच जावं लागेल. ६०० ला ताकद ५२ आणि दाब ४८, तरीही काठच.

ओळंबा

ताई, हिशोब सुंदर, पण तीन ठिकाणी अडतो.

एक, दोन फिलेटची सरळ बेरीज दोन्ही टॉर्च एकदम चालल्या तरच थोडीफार खरी. एका मागून एक टाकले तर दुसरा फिलेट पहिल्याचा गरम झालेला पट्टाच पुन्हा तापवतो, त्याचा ताण अंशतः पुसला जातो. बेरीज दुपटीपेक्षा कमी भरते. म्हणजे तुमचा दाबाचा आकडा वरच्या बाजूचा आहे.

दोन, खऱ्या प्लेटला "इथपर्यंत सरळ, इथून पुढे लाट" अशी रेषा नसते. प्लेट आधीच थोडी वाकडी असते, त्यात कोनीय वाकाची भर पडते, त्यामुळे ३०-३५ मेगापास्कललाही पोट वाढायला लागतं. म्हणजे तुमचा ताकदीचा आकडाही वरच्या बाजूचा आहे! दोन्ही चुका एकमेकींना खातात म्हणून हा हिशोब चालतो, हे लक्षात ठेवून वापरावा.

तीन, आणि माझ्या मते हेच महत्त्वाचं: ४ चा फिलेट ६ का होतो? दर वेळी वेल्डरचा हात जड म्हणून नव्हे. फिट-अपमध्ये, म्हणजे वेल्डआधी भाग जुळवताना, फट राहते म्हणून. आयएसीएसच्या (जहाज वर्गीकरण संस्थांच्या संघटनेच्या) शिफारस क्र. ४७ मध्ये फिलेटची फट प्रमाण म्हणून २ पर्यंत, मर्यादा ३. ती ३ ते ५ मध्ये गेली की पाया वाढवायचा, नियमाचा पाया अधिक (फट उणे २). फट ४ असेल तर ४ चा पाया कायदेशीररीत्याच ६ होतो. म्हणजे स्टिफनर कापताना आलेला बाक आणि प्लेटचा मूळ खळगा मिळून फट, फटीमुळे मोठा फिलेट, मोठ्या फिलेटमुळे पोट. गेज लावायचा तो वेल्डच्या आधी, फटीत.

ताणरेषा

@ओळंबा, मान्य. तिसरा मुद्दा तर धाग्याच्या माथ्यावर चिकटवायला हवा. फक्त एक भर: पाया ४ वरून ६ झाला की धातू २.२५ पट होतो. वेल्डर "दोनच मि.मी. जास्त आहे" म्हणतो तेव्हा त्याला हा वर्ग दिसत नसतो.

गुण्या

आणि ड्रॉइंगवर ए की झेड तेही पाहत जा. ए म्हणजे घसा, झेड म्हणजे पाया. ए ४ चा पाया ५.७ भरतो. दोन वेगळ्या डिझाइन ऑफिसांची ड्रॉइंग एकाच शॉपमध्ये आली की हा घोळ ठरलेला.

हवालदिल_फिटर

एवढं सगळं कशाला, वर कार्पेट आणि खाली फॉल्स सीलिंग आहेच की.

कोलंबस_कुलाब्याचा

हसू नका, नियमात तसंच आहे. त्याच शिफारस ४७ मध्ये सुपरस्ट्रक्चर डेक उघडा असेल तर वाकाचं प्रमाण ४ आणि मर्यादा ६, झाकलेला असेल तर ७ आणि ९. केबिनच्या भिंतींनाही बाहेरून ४/६, आतून ६/८, झाकलेल्या भागाला ७/९. म्हणजे फेअरिंगला (पोटं सरळ करायला) माणसं लावण्याआधी डेकचा कोणता भाग झाकला जाणार हे आउटफिटिंगच्या ड्रॉइंगवरून रंगवून घ्या. झाकल्या जाणाऱ्या ६ मि.मी. वर गॅस मारत बसणं म्हणजे ब्लॉक फुकट आखूड करणं.

सूत_आणि_खडू

मोजमापाबद्दल कुणी नीट लिहिलं नाही, म्हणून लांब लिहितो.

खणाचा वाक मोजायला टोटल स्टेशन नको. त्याची चूक मिलिमीटरच्या घरातली, ती ब्लॉकच्या लांबी-रुंदीला आणि कर्णांना चालते, ४ मि.मी. च्या मर्यादेला नाही. इथे स्टिफनर ते स्टिफनर पोचणारी सरळ अॅल्युमिनियम पट्टी आणि मध्ये डायल गेज किंवा टेपर गेज. पट्टीचे पाय स्टिफनरच्या रेषेवरच टेकले पाहिजेत. सर्रास एक मीटरची पट्टी कुठेही टेकवतात, मग एक पाय पोटावर आणि एक खळग्यात, आकडा काहीही येतो. खणाचं मध्य आणि दोन्ही पाव, असे तीन आकडे घ्या. लाट मध्यावर असेलच असं नाही.

आकसण्यासाठी: स्टिफनरच्या उलट बाजूला, वेल्डच्या रेषेच्या दोन्हीकडे १०० मि.मी. वर पंच मारा. टॅक (भाग जागेवर धरणारे छोटे वेल्ड) मारण्याआधी मोजा आणि पूर्ण थंड झाल्यावर मोजा. इथे व्हर्नियरपेक्षा डायल असलेला एक्स्टेन्सोमीटर हवा. किती अपेक्षित धरायचं? दोन्ही बाजूंच्या सलग फिलेटला ढोबळ सूत्र: १.०२ गुणिले पाया भागिले प्लेटची जाडी. साडेचारचा पाया आणि ६ ची प्लेट, ०.७७ मि.मी. दर स्टिफनरला. दहा स्टिफनर म्हणजे साडेसात मि.मी. रुंदी गेली. प्लेट कापताना हे वाढवून घेतलं नाही तर पुढच्या ब्लॉकला फट येणार आणि ती बट (दोन प्लेटांच्या कडा जोडणारा वेल्ड) भरताना आणखी आकसणार.

बटसाठी जुनं सूत्र आहे: ०.२ गुणिले वेल्डचं क्षेत्र भागिले जाडी, अधिक ०.०५ गुणिले रूट गॅप (कडांमधली तळाची फट). १२ मि.मी. प्लेट, ६० अंशांचा व्ही, गॅप ३: क्षेत्र ११९, आकस २.१ मि.मी. तोच व्ही ४५ अंशांचा केला तर १.७. सिरॅमिक बॅकिंगवर गॅप ६ सोडतात तिथे काय होत असेल ते तुम्हीच मांडा.

कोनासाठी २०० मि.मी. अंतराचे दोन पाय आणि मध्ये डायल असा छोटा पूल बनवून घ्या. स्टिफनरच्या पाठीमागे ठेवा. आलेला फरक भागिले १०० म्हणजे एका बाजूचा कोन. टॅकच्या आधीचा आकडा वजा करायला विसरू नका.

टप्पे: प्लेट आली तेव्हा, कापल्यावर, टॅकनंतर, फिलेट थंड झाल्यावर पण बेडवर असताना, बेड सोडल्यावर, उचलून ठेवल्यावर. यातला शेवटून दुसरा टप्पा सगळ्यांत बोलका आणि तोच कुणी मोजत नाही. बेडवर २ आणि सोडल्यावर ९ असेल तर तुमचा निकाल तिथेच लागला.

आणि तापमान! पोलाद दर मीटरला दर अंशाला ०.०१२ मि.मी. वाढतं. २० मीटरचं पॅनेल, सकाळी शेडमध्ये आणि दुपारी उन्हात, २० अंशांचा फरक: ४.८ मि.मी. मुंबई-गोव्याच्या उन्हात उघड्या डेकला हे सहज होतं. वरून डेक तापलेला आणि तळ सावलीत, म्हणजे ब्लॉक चक्क वर वाकतो. लांबी आणि लेव्हल सूर्य यायच्या आधी घ्या, आणि प्लेटचं तापमान आकड्याच्या शेजारीच लिहा.

वास्कोचा_वारा

दंडवत. पूल करून घेतो.

मूळ प्रश्नात कॉइलची प्लेट आहे का हे आलं नाही. कॉइल उलगडून कापलेल्या पातळ प्लेटमध्ये आतले ताण आधीच असतात, प्लाझ्माने कापताच ती पीळ घेते. ६ मि.मी. ला हा मुद्दा सोडू नका. "प्लेट आली तेव्हा" हा टप्पा त्यासाठीच.

उल्सानकर

सॉफ्टवेअरबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच होता.

वेल्डची पूर्ण तापीय-प्लास्टिक गणना पूर्ण पॅनेलवर करू नका. वेल्डजवळ १-२ मि.मी. ची जाळी लागते, टॉर्च पुढे सरकतो तसा छोटा छोटा वेळ पुढे न्यावा लागतो. एका टी-जोडाला ठीक आहे, वीस स्टिफनरच्या पॅनेलला आकडे येईपर्यंत जहाज पाण्यात जाईल. तिथेही उष्णतास्रोताचा आकार, मग तो गोल्डॅकचा १९८४ चा दुहेरी लंबगोल असला तरी, मॅक्रो (वेल्डचा आडवा छेद) कापून वितळलेल्या भागाशी जुळवावाच लागतो. शिवाय धातू वितळला की त्याची आधीची प्लास्टिक विकृती शून्य करायची असते. तो पर्याय बंद राहिला की आकडे देखणे दिसतात आणि खोटे असतात.

जहाजबांधणीत चालते ती अंगभूत विकृतीची पद्धत. ओसाका विद्यापीठात उएदा आणि पुढे मुराकावा यांनी ती वाढवली. कल्पना अशी: वेल्डने मागे काय सोडलं याचे चारच आकडे घ्या. लांबीचा आकस, आडवा आकस, आडव्या दिशेचा कोन, लांबीच्या दिशेचा बाक. ते छोट्या टी-जोडावर मोजा किंवा मोजा आणि गणा. मग पूर्ण पॅनेल साध्या शेल घटकांनी उभं करा, वेल्डच्या रेषांवर हे चार आकडे लादा, आणि लवचीक गणना करा. काही मिनिटांत उत्तर.

चाचणीचा टी-जोड निदान मीटरभर लांब घ्या. लांबीचा आकस टोकांजवळ पूर्ण तयार होत नाही, ३०० मि.मी. चा तुकडा फसवतो. वायर, मशीन, वेग शॉपमधलेच, प्रयोगशाळेतले नकोत. गणनेत मोठं विस्थापन चालू ठेवा, नाहीतर बकलिंग दिसणारच नाही आणि अहवालात पॅनेल आरशासारखं सपाट येईल. आणि सुरुवातीचा वाक घाला. अगदी सपाट प्लेट दिली तर गणना कुठल्या बाजूला फुगायचं हेच ठरवू शकत नाही.

थोडक्यात, सूत_आणि_खडू यांनी सांगितलेले आकडे नसतील तर सॉफ्टवेअरला खायला काहीच नाही.

हवालदिल_फिटर

म्हणजे लाखो रुपयांच्या सॉफ्टवेअरला आधी खडू लागतो. हे आमच्या साहेबांना छापून द्या.

कोलंबस_कुलाब्याचा

मॅग्नेट बेडचं कौतुक थांबवावं असं सुचवतो. दाबून धरल्याने लांबीचं ओढबळ कमी होत नाही.

ओळंबा

अर्धंच बरोबर. कोनीय वाक बेडमुळे खरंच कमी होतो, तो तयार होत असतानाच अडवला जातो. बकलिंगवर उपाय नाही हे मान्य. तिथे उष्णता कमी करणं किंवा वेल्डला समांतर पट्टे तापवून दाब तोडणं एवढंच. चीनमध्ये ग्वान च्याव यांची ताणाने वाक रोखण्याची पद्धत आणि अमेरिकी यार्डांत वापरून पाहिलेलं वेल्डबरोबर चालणारं तापन, दोन्ही त्याच तत्त्वावर. यार्डात बसवायला सोपं नाही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर (आपोआप पुढे सरकणारी वेल्डिंग गाडी) लावा, वेग वाढवा. जर्मनीतल्या पापेनबुर्गला मायर वेर्फ्टने क्रूझ जहाजांच्या पातळ डेकसाठी लेझर धरला त्यामागेही हेच: कमी उष्णता.

सखी_सागरी

अॅल्युमिनियमच्या सुपरस्ट्रक्चरला हेच लावता येईल का?

ताणरेषा

तत्त्व तेच, आकडे सगळे वेगळे. प्रसरण जवळजवळ दुप्पट, ताठपणा एक-तृतीयांश, ०.२ चा ठोकताळा पोलादापुरताच. वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

गुण्या

आता पोट आलंच आहे तर काढायचं कसं, हेही सांगून टाकतो. कोनीय वाक असेल तर स्टिफनरच्या पाठीवर, प्लेटच्या बाहेरून, वेल्डच्या रेषेत सरळ रेषा तापवा. बकलिंग असेल तर फुगीर बाजूने ठिपके, कडेकडून मध्याकडे. एका खणातले सगळे ठिपके एकदम मारायचे नाहीत. शेजारचा खण बिघडतो आणि मग तुम्ही पोट डेकभर फिरवत बसता.

तापमान: तापवून लगेच पाणी मारणार असाल तर साध्या ३२ आणि ३६ च्या उच्चताकद ग्रेडला ६५० अंशांखाली राहा. हवेत थंड होऊ देणार असाल तर ९०० पर्यंत, पण त्यानंतर पाणी मारायचं असेल तर ५०० खाली आल्यावरच. टीएमसीपी (नियंत्रित तापमानात लाटून बनवलेल्या) प्लेटच्या मर्यादा वेगळ्या, त्या शिफारस ४७ च्या तक्त्यातून पाहा. आणि तापमान मोजायचं ते तापमानदर्शक खडूने किंवा पायरोमीटरने, "लालसर दिसतंय" याने नाही.

बल्बपट्टी

सगळ्यांचे आभार. चिन्हासकट आकडे घेतले. मधल्या सहा खणांत अधिक-उणे, अधिक-उणे. कडेच्या दोन खणांत दोन्हीकडे अधिक. बेडवर असताना सगळ्यात मोठा आकडा ३, सोडल्यावर ९. म्हणजे बकलिंगच, कडेला थोडा कोनीय. फटीही पाहिल्या, एका टोकाकडे ३ च्या वर आहेत आणि पोटंही त्याच टोकाला जास्त.

पुढच्या पॅनेलला फटीची मर्यादा २, वेग ६००, दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर, आणि मीटरभराचा टी-जोड त्याच सेटिंगवर. सॉफ्टवेअरचं त्यानंतर बघू असं कळवतोय. एक शंका: दोन्ही ट्रॅक्टर अगदी समोरासमोर ठेवायचे की मागेपुढे?

ओळंबा

थोडे मागेपुढे. अगदी समोरासमोर ठेवले तर ६ च्या वेबमध्ये दोन्ही आर्क एकमेकांना ओढतात आणि रूटमध्ये वायूची भोकं पडतात, प्रायमर (प्लेटवरचा गंजरोधक थर) जाड असेल तर जास्तच. प्रायमरची जाडीही मोजून घ्या. ६०० च्या वेगाला वायू बाहेर पडायला वेळच उरत नाही. वेग वाढवल्यावर पहिली तक्रार पोटाची नाही, भोकांची येईल.

बल्बपट्टी

घेतलं. पहिल्या मीटरला फिलेट फोडून पाहतो, मग पुढे चालवतो.